पाण्याचा एक रात्रीचा मुक्काम

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी वर्षातून दोनदा धुतात. धुऊन झाली की ब्लीचिंग पावडर टाकतात आणि जिन्यापाशी फळ्यावर खडूने तसं लिहून ठेवतात. त्या रविवारी मी फळा वाचला नव्हता. नेहमीप्रमाणे नळाला पाइप लावला, माशांच्या टाकीतलं पाव पाणी काढलं आणि तेवढंच नवं सोडलं. वीस मिनिटांत एंजल मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागले. चार वर्षं वाढवलेली जोडी होती. संध्याकाळपर्यंत दोघं गेली.

त्या दिवसापासून आमच्या घरी नळाचं पाणी थेट टाकीत जात नाही. आधी ते बाल्कनीतल्या निळ्या पिंपात उतरतं, रात्रभर तिथेच मुक्काम करतं, ढवळलं जातं, मोजलं जातं आणि मग माशांकडे जातं. मत्स्यपालनाचा छंद असलेली मंडळी याला ‘मिक्सिंग स्टेशन’ म्हणतात. एक किंवा दोन पिंपं, एक पंप, थोडी पाइपलाइन आणि मोजायची साधनं, एवढाच त्याचा पसारा. याविषयी बोलणं निघालं की पंप कुठल्या कंपनीचा आणि पाइप किती इंची, याच्याच गप्पा होतात. गेली काही वर्षं हे सगळं करून, मोडून, पुन्हा जोडून पाहिल्यावर माझं मत असं झालंय की या व्यवस्थेतली सगळ्यांत गुणकारी गोष्ट म्हणजे नळ आणि टाकी यांच्यामध्ये गेलेले बारा-चोवीस तास, आणि त्यांना पैसा पडत नाही. त्याखालोखाल महत्त्व मोजमापाला. या दोहोंत काटकसर करू नये. बाकी जवळजवळ सगळीकडे करता येते.

पाणी साठवून, ढवळून मग वापरायची रीत छंदाइतकीच जुनी आहे. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एका भांड्यात ठेवून त्यांचा समतोल साधता येतो हे दाखवलं. १८५३ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात माशांचं दालन उघडलं. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची पंचाईत ओळखून फिलिप हेन्री गॉस याने १८५४ मध्ये क्षार मिसळून समुद्राचं पाणी तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. पण आपल्या पिंपाचा खरा पूर्वज म्हणजे विल्यम अल्फर्ड लॉइड याने क्रिस्टल पॅलेसमध्ये उभारलेलं, १८७१ मध्ये उघडलेलं मत्स्यालय. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी पट जास्त पाणी त्याने खाली काळोखात साठवलं होतं आणि पंपाने ते सतत खेळतं ठेवलं होतं. साठा मोठा, अंधारा आणि हलता हवा, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं.

आपल्याकडे मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. पुण्यात किंवा नागपुरात बसून खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची तर समुद्र घरातच कालवावा लागतो. आणि गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यालाही वाटतं तितकं सोपं नाही, कारण नळातून येणारं पाणी रोज एकच नसतं.

मुंबईच्या नळाला तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा आणि वरच्या-मधल्या वैतरणेचं पाणी येतं. पावसाचं साठवलेलं पाणी ते, त्यामुळे सौम्य. पुण्यात महापालिकेचं खडकवासल्याचं पाणीही तसं मवाळच. उपनगरात मात्र गोष्ट बदलते. सकाळी महापालिकेचं, दुपारी बोअरचं, एप्रिल-मेमध्ये टँकरचं, आणि सगळं एकाच टाकीत एकत्र. दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपणारं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. गीझरच्या कॉइलवर चढणारा पांढरा थर आणि कुकरच्या आतली पांढुरकी कड हे त्याचंच चिन्ह. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. माणसाला एवढा पल्ला झेपतो.

माशाचं शरीर पाण्याशी जास्त जवळचं नातं ठेवून असतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त, म्हणून कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते सतत बाहेर टाकत असतात. बाहेरच्या क्षारांचं प्रमाण हळूहळू बदललं तर शरीर जुळवून घेतं. एका झटक्यात ते दुप्पट किंवा निम्मं झालं की सगळा ताळेबंद कोलमडतो. बाजारातले बहुतेक गप्पी, मोली, टेट्रा, एंजल पिढ्यान्‌पिढ्या शेततळ्यांत आणि सिमेंटच्या हौदांत वाढलेले असतात. ते १५० टीडीएसमध्येही सुखात राहतात आणि ४०० मध्येही. दर आठवड्याला या दोहोंत हेलकावे मात्र त्यांना सोसत नाहीत. त्यामुळे आदर्श आकडा कुठला, याच्या मागे लागण्याआधी प्रत्येक वेळी तोच आकडा कसा येईल ते पाहावं, असं मी नव्यांना सांगतो.

क्लोरीनचा प्रश्न सगळ्यांत ठळक आणि सगळ्यांत सोपा. नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा अशी अपेक्षा असते. माणसासाठी ते संरक्षण. कल्ल्यांच्या नाजूक पडद्याला याहून कितीतरी कमी क्लोरीनही भाजतो. पिंपात रात्रभर हवेचा दगड किंवा पंप चालू ठेवला की मुक्त क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, ज्याला फोटो धुण्याच्या काळापासून लोक ‘हायपो’ म्हणतात, ते वापरावं. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम हायपो लागतो. म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या १०० लिटर पाण्याला ग्रॅमचा तिसरा हिस्सा पुरतो. दुकानात रंगीत बाटलीत मिळणाऱ्या ‘अँटी-क्लोरीन’मध्ये बहुधा हेच असतं. एक लक्षात ठेवायचं. मूळ पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी जोडला जाऊन क्लोरामाइन होतो आणि तो रात्रभरात उडत नाही. हायपोने त्यातला क्लोरीन मरतो, अमोनिया मात्र मागे राहतो.

बोअरच्या पाण्याचं दुखणं वेगळं. जमिनीखालून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड खूप आणि प्राणवायू कमी. आमच्याकडे भरल्या भरल्या पीएच मोजला तर सातच्या खाली येतो, आणि रात्रभर हवा खेळवली की सकाळी तोच ७.८ दाखवतो. पाण्यात कुणी काही घातलेलं नसतं, फक्त अडकलेला वायू बाहेर गेलेला असतो. हे पाणी थेट टाकीत सोडलं की तोच बदल माशांच्या अंगावर घडतो. नवं पाणी सोडल्यावर मासे कोपऱ्यात का जाऊन बसतात, हे मला पिंप आल्यानंतर कळलं.

आता आरओ. छंदात आरओविषयी दोन टोकाची मतं आहेत. एक गट म्हणतो त्याशिवाय पान हलत नाही, दुसरा म्हणतो ते निव्वळ नासाडी. दोन्ही गट आपापल्या नळापुरते बरोबर आहेत. मुंबईत सौम्य पाणी मिळत असताना साध्या गोड्या पाण्याच्या टाकीसाठी आरओ लावणं मला पटत नाही. ७०० टीडीएसचं बोअर असेल, डिस्कस मासे वाढवायचे असतील, छोटे मधमाशी-कोळंबी जातीचे झिंगे ठेवायचे असतील किंवा समुद्री टाकी असेल तर त्याला पर्याय नाही.

पिण्याच्या आरओचं पाणी सरळ वापरणाऱ्यांनी यंत्राच्या पोटात एकदा डोकवावं. बहुतेक यंत्रांत टीडीएस कंट्रोलर नावाची छोटी चावी असते. ती पाणी चवदार व्हावं म्हणून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळते. पुढे खनिजांची किंवा ‘अल्कलाइन’ कांडी असते. आपल्याला कोरं पाणी हवं असेल तर चावी बंद करून कांडीच्या आधीच फाटा काढावा लागतो. आरओचा गाळणारा पडदा चांगला असेल आणि दाब पुरेसा असेल तर ९५ टक्क्यांहून जास्त क्षार अडतात, ५०० चं पाणी २५ च्या आसपास येतं. क्लोरीन पडद्याला खातो, म्हणून त्याच्या आधीची कार्बनची कांडी वेळेवर बदलणं ही कंजुषी करण्याची जागा नव्हे. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. यंत्र बंद असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू सारखे होत जातात, त्यामुळे सुरू केल्यावरचं पहिलं एक-दोन लिटर पाणी नेहमीच खराब येतं. रोज पाच-पाच लिटर काढणाऱ्याला हे खराब पाणी रोज मिळतं. आठवड्यातून एकदा सलग शंभर लिटर पिंपात भरणाऱ्याला ते एकदाच मिळतं आणि ओतूनही देता येतं. पिंपाचा हा फायदा मला आधी सुचलाच नव्हता.

वाया जाणारं पाणी हा मनाला लागणारा भाग आहे. घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर सहज बाहेर जातं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याच नासाडीवर बोट ठेवलं होतं. ज्या शहराच्या काठावर मे महिन्यात टँकरमागे रांगा लागतात तिथे माशांसाठी चारशे लिटर गटारात सोडणं मला जमत नाही. आमच्याकडे त्यासाठी वेगळं, थोडं मोठं पिंप आहे. त्यातून फरशी पुसणं, बाल्कनी धुणं, संडासाला पाणी, हे सगळं भागतं. कुंड्यांना मात्र ते घालत नाही, कारण सगळा क्षार तिथे गोळा झालेला असतो.

कोकणात राहणाऱ्यांना निसर्गाने दिलेलं आरओ आहे आणि त्याचा फार कमी लोक उपयोग करतात. पावसाचं पाणी जवळपास कोरं असतं. पहिले एक-दोन मोठे पाऊस कौलं आणि पन्हळी धुऊन जाऊ द्यावेत, गंजलेल्या किंवा रंग उडालेल्या पत्र्यावरचं घेऊ नये, आणि झाकणाच्या पिंपात भरून ठेवावं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी टीडीएस मीटरवर असंच कोरं दिसतं. त्याच्यावर मात्र माझा विश्वास नाही. ते तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवरून ओघळलेलं असतं, आणि तांब्याचा अंशही झिंग्यांना नि गोगलगायींना मारतो.

कोरं पाणी मिळालं की मिसळण्याचं काम सुरू होतं. गोड्या पाण्यात ते शाळेतल्या मिश्रणाच्या गणितापुढे जात नाही. माझं बोअर ६००, आरओ ३०, आणि मला हवेत २००. दोहोंतला फरक ५७०, मला आरओच्या वर हवेत १७०. म्हणजे १०० लिटरमध्ये बोअरचं पाणी ३० लिटर, उरलेलं आरओ. पिंपावर आतून दिसेल अशी पक्क्या मार्करची रेघ ३० वर आणि दुसरी १०० वर मारली की पुढे गणितही करावं लागत नाही. बोअरचा आकडा मात्र दर वेळी तपासायचा, कारण जूनमधला आणि मेमधला सारखा नसतो.

झिंग्यांसारख्या नाजूक जिवांना बोअरमधले सगळेच क्षार नको असतात. त्यांच्यासाठी कोऱ्या पाण्यात मोजून खनिजं घालायची. विदेशी पुड्या महाग मिळतात, पण त्यांतलं बरंचसं रसायनांच्या दुकानात मिळतं. १०० लिटर पाण्याचा जडपणा चार अंश करायचा तर साधारण सव्वानऊ ग्रॅम जिप्सम आणि साडेचार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, पुरतं. कार्बोनेटचा एक अंश वाढवायला त्याच १०० लिटरला तीन ग्रॅम खाण्याचा सोडा. जिप्सम फार हळू विरघळतं. सकाळी घालून दुपारी पिंपात डोकावलं तर तळाशी पांढरी रांगोळी दिसते, आणि माणूस घाबरून वर आणखी काही घालायला जातो. पंप चालू ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायचं. किराणा तोलायचा काटा इथे चालत नाही, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा.

समुद्री टाकीत मिसळणं म्हणजे निम्मी टाकीच. समुद्राच्या एका किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. चॅलेंजर जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून गोळा केलेल्या पाण्यापैकी ७७ नमुने विल्यम डिटमार याने तपासले आणि १८८४ मध्ये दाखवून दिलं की खारटपणा कमी-जास्त असला तरी प्रमुख क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहतं. कृत्रिम समुद्री मिठाचा सगळा धंदा या निष्कर्षावर उभा आहे. लिटरला कॅल्शियम सव्वाचारशे मिलिग्रॅमच्या घरात, मॅग्नेशियम तेराशेच्या जवळ, हे प्रमाण जमवायचं असतं.

मिठागरातलं खडेमीठ का चालत नाही, हा प्रश्न मला वर्षातून दोन-चार जण तरी विचारतात. समुद्राचंच मीठ आहे ना? उरण, भाईंदरकडची मिठागरं आठवा. वाफ्यात पाणी आटत जातं तेव्हा आधी कार्बोनेट बसतं, मग जिप्सम, आणि त्यानंतर मीठ धरतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी काढून टाकतात. हातात येतं ते सोडियम क्लोराइड. त्याने पाणी खारट करता येतं, त्याचा समुद्र करता येत नाही. मुंबईच्या वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं हरियाणात लाहलीला केंद्र आहे. तिथल्या जमिनीखालचं पाणी कोळंबीला पुरेल इतकं खारं आहे, पण त्यात पोटॅशियम कमी. पोटॅश मिसळल्यावरच त्यात कोळंबी नीट वाढते. खारटपणाचा आकडा जुळला म्हणून पाणी जुळलं असं होत नाही, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मग थेट समुद्रावरून पाणी आणावं का? देवगड-मालवणकडे राहणारे काही जण पाऊस सरल्यावर भर भरतीला, खाडीच्या तोंडापासून लांब जाऊन आणतात, गाळतात आणि अंधारात ठेवून मग वापरतात. त्यांना ते साधतं. मुंबईच्या किनाऱ्यावरचं सांडपाणी पाहता तिथे हे करू नये. आणि पाण्यासोबत किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा समुद्रघोडा आणण्याचा मोह तर अजिबात नको. वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही संरक्षण दिलेलं आहे, आणि ते योग्यच आहे.

मीठ कालवताना एकच नियम पाळायचा. पाणी आधी पूर्ण भरायचं, पंप सुरू करायचा आणि मग मीठ थोडं थोडं सोडायचं. आधी मीठ टाकून वर पाण्याची धार सोडली की तळाशी क्षारांचा गर्दा होतो, कॅल्शियम कार्बोनेट दुधासारखं फुटतं आणि ते पुन्हा विरघळत नाही. १०० लिटरला हिशेबाने साडेतीन किलो, पण पुडीतल्या मिठात दमटपणा असतोच, त्यामुळे थोडं जास्त लागतं. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पिशवीचे दगड होतात. हवाबंद डब्यात ठेवावं आणि काढण्यापूर्वी डबा आडवा लोळवावा, कारण प्रवासात जड-हलके कण वेगळे झालेले असतात.

खारटपणा मोजण्यासाठी स्वस्तात मिळतो तो काट्याचा हायड्रोमीटर. त्याच्या काट्याला हवेचा एक बारीक बुडबुडा चिकटला तरी काटा वर चढतो आणि पाणी आहे त्याहून खारट दिसतं. माणूस मग पाणी घालतो, आणि टाकी महिनोन्‌महिने पातळ राहते. टिचकी मारून, बुडबुडे घालवून दोनदा वाचावं. रिफ्रॅक्टोमीटर घेता आला तर उत्तम, पण त्याला साध्या पाण्याने शून्यावर आणून भागत नाही. ३५ च्या जवळ तो किती चुकतो हे कळायला हवं. त्यासाठी विकतचं द्रावण लागत नाही. ३६.५ ग्रॅम मीठ ९६३.५ ग्रॅम कोऱ्या पाण्यात विरघळवलं की त्याचा प्रकाश वाकवण्याचा गुण ३५ खारटपणाच्या समुद्रपाण्याइतकाच असतो. बाटलीत भरून घट्ट झाकून ठेवावं, आणि महिन्यातून एकदा त्यावर रेघ जुळवावी.

पिंपाकडे यायला मुद्दामच उशीर केला. सगळे इथूनच सुरुवात करतात आणि इथेच जास्त पैसे घालवतात. निळी जुनी पिंपं भंगारवाल्याकडे मिळतात. त्यात आधी काय होतं, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. खाण्याचं सरबत, तेल, लोणचं असं काही असेल तर चालतं. रसायनाचं असेल तर कितीही धुतलं तरी नको, कारण वास प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो. खात्री नसेल तर नवं घ्यावं. पांढऱ्या पिंपात पाण्याची पातळी बाहेरून दिसते, पण उजेडही आत जातो आणि शेवाळ धरतं. निळं बरं.

टाकी केवढी त्यावर पिंप ठरतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ अडीचशे लिटर पाणी मावतं. त्यातलं वीस टक्के बदलायचं तर पन्नास लिटर. शंभराचं एक पिंप गोड्या पाण्याला भरपूर झालं. समुद्री टाकीला दोन लागतात, कारण रोज उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. ती तूट भरायला कोरं पाणी वेगळं ठेवावं लागतं.

पिंपाच्या तळाशी भोक पाडून टँक निपल बसवावी, असं सगळे सांगतात. मीही बसवली. आमचा प्लंबर म्हणाला, “साहेब, पितळी घाला, आयुष्यभर बघायला नको.” मी म्हटलं, “दादा, पितळेत तांबं असतं, झिंगे मरतील.” त्याला हे नवीन होतं. त्याने यूपीव्हीसीची आणली. मग खरी अडचण कळली. पिंपाची भिंत गोल, निपलची चकती सपाट. रबरी वॉशर वरखाली दाबला जातो, बाजूंना सुटतो, आणि तासाभराने एक थेंब, मग दुसरा. त्याने सिलिकॉन लावून पाहिलं, एम-सील लावून पाहिलं. पिंपाच्या प्लास्टिकला यांतलं काहीच धरत नाही. वाळल्यावर नखाने अख्खी पापडी निघते. पाइप जोडायचं सॉल्व्हंटही त्यावर चालत नाही. शेवटी तीन गोष्टींनी काम झालं. निपल पाऊण इंचाहून मोठी नको, वॉशर मऊ आणि जाड हवा, आणि भोकाची कड ब्लेडने तासून गुळगुळीत करायला हवी. नट हाताने पक्का करून पान्याने पाव फेरा. त्याहून जास्त आवळलं की वॉशर बाहेर सरकतो.

आज कुणी विचारलं तर मी सांगतो, भोकच पाडू नका. पिंपात पंप सोडा, त्याला पाइप जोडून काठावरून बाहेर काढा, तिथे एक टी आणि दोन बॉल व्हॉल्व्ह. एक फाटा परत पिंपात, ढवळण्यासाठी. दुसरा टाकीकडे. टाकीकडच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या वर एक बारीक भोक ठेवायचं, म्हणजे पंप बंद झाल्यावर टाकीतलं पाणी उलटं पिंपात ओढलं जाणार नाही.

पंप घेताना खोक्यावरचा ताशी दोन हजार लिटरचा आकडा पाहून भुलू नये. तो उंची शून्य असतानाचा असतो. पाणी किती उंच चढू शकतं हा दुसरा आकडा पाहावा आणि आपल्या गरजेच्या दुप्पट घ्यावा. कूलरचा पंप सगळ्यांत स्वस्त. गोड्या पाण्यात माझा तीन वर्षं चालला. खाऱ्या पाण्यात त्याचा लोखंडी दांडा गंजतो, तिथे सिरॅमिक दांड्याचा चुंबकीय पंपच हवा.

थंडीत पुण्यातल्या बाल्कनीतलं पिंप पहाटे सोळा अंशांवर येतं आणि टाकी असते सव्वीसवर. पन्नास लिटर पाणी दहा अंश तापवायला दोनशे वॉटच्या काचेच्या हीटरला तीन तास लागतात. बादलीत घालायचा रॉड वापरू नये. तो धातूचा असतो, आणि पाण्यात हात असताना तो चालू राहिला तर जिवावर बेततं. पिंपाजवळच्या सॉकेटला वीज झिरपताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबवून मग वर न्यायची, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी जमिनीवर पडतं, प्लगमध्ये जात नाही.

वजनाचा विचार फार कमी लोक करतात. दोनशे लिटरचं भरलेलं पिंप दोनशे किलोहून जड आणि ते सगळं वजन दीड-पावणेदोन फूट रुंदीच्या वर्तुळावर. भारतीय मानक ८७५ घराच्या खोल्यांसाठी चौरस मीटरला साधारण दोनशे किलो आणि बाल्कनीसाठी तीनशे किलो भार धरतं. पिंप बाल्कनीच्या कठड्याशी ठेवू नये. भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथे ठेवावं, खाली जाड प्लायवूडचा तुकडा घालावा, आणि जुनी इमारत असेल तर शंभर लिटरवर समाधान मानावं.

झाकण घट्ट हवं, हे मी सगळ्यांत ठासून सांगतो. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठवडाभरात अळीचा डास होतो. पाइपासाठी झाकणाला पाडलेल्या भोकाभोवती जुन्या मोज्याचा तुकडा कोंबला तरी पुरतं. महापालिकेचे कर्मचारी घरोघरी पिंपं तपासायला येतात तेव्हा मी स्वतःहून झाकण काढून टॉर्च धरतो. शेजारच्या काकूंची नात मागच्या पावसाळ्यात आठवडाभर दवाखान्यात होती. तेव्हापासून त्याही येता-जाता झाकण दाबून पाहतात, आणि मला ते आवडतं.

खर्चाचं म्हणाल तर गोड्या पाण्यासाठी माझं पिंप, पंप, पाइप, व्हॉल्व्ह आणि टीडीएस मीटर मिळून तीन हजारांच्या आत झालं. आरओ जोडलं तेव्हा आणखी चारेक हजार लागले. समुद्री टाकी ठेवणाऱ्या मित्राने रिफ्रॅक्टोमीटर आणि दुसरं पिंप धरून दहा हजारांच्या आसपास घालवले. तयार स्टँडवर बसवलेले, पारदर्शक पाइपांचे, डिजिटल पडद्याचे संच याच्या कित्येक पटींनी महाग मिळतात. ते दिसायला सुरेख असतात. त्यांतलं पाणी आमच्या पिंपातल्या पाण्याहून चांगलं नसतं.

शनिवारी रात्री जेवणं झाली की मी पिंप भरतो. आधी बोअर, पहिल्या रेघेपर्यंत. मग आरओची नळी सोडून पहिलं दोन लिटर बादलीत. पंप लावून झोपायचं. रविवारी सकाळी टीडीएस, पीएच आणि तापमान पिंपाला बांधलेल्या वहीत लिहायचं, टाकीतल्या आकड्यांशी पडताळायचं आणि मग टाकीकडचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडायचा. पाणी इतकं हळू चढतं की एंजलची नवी जोडी धारेखाली येऊन उभी राहते.